चार बोटं गवत

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. तिने मला शपथ घातली नाही, आमच्या घरात शपथा घालत नाहीत. नुसतं "सांगू नको" म्हणाली आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या हातातली सलाईनची सुई हलली. मी बोलणार नाहीच. तशीही मी फार बोलत नाही. हजेरीला "हजर" म्हणते तेही बाईंपर्यंत पोचत नाही. पण वहीत लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे.

आईचा पाय गवत कापायच्या मशीनखाली गेला तो अपघात होता, असं सगळे म्हणतात. नगरच्या सावेडीतल्या दवाखान्याच्या कागदावरही तसंच लिहिलं आहे. पुढचं सगळं मी आईने सांगितलं तसं लिहिते. जिथे मी स्वतः होते तिथलंही तिच्याच बाजूने लिहिते, कारण मला जे दिसलं त्याचा अर्थ तिच्याकडून ऐकल्यावरच लागला.

२

पुणतांब्याहून कोपरगावला जाताना उजव्या हाताला अजिनाथभाऊंचं लग्नाचं लॉन्स लागतं. पुढे कमान, मध्ये वीस गुंठे मोकळी जागा, टोकाला स्टेज आणि तिन्ही बाजूंनी ऊस. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. माझे पप्पा, म्हणजे फिलिप, तिथले माळी. आई, म्हणजे स्टेला, फाट्यावरच्या रोपवाटिकेत कामाला जाते. तिला रोपांचं वेळापत्रक तोंडपाठ आहे.

जुनं गवत उन्हाळ्यात आचाऱ्यांनी तेल ओतून जाळलं होतं. दिवाळीनंतर भाऊंनी सगळी जागा नांगरून टाकली आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आम्ही चर्चहून येतो न येतो तोच, दारात येऊन उभे राहिले. जानेवारीच्या शेवटी त्यांच्या मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न होतं. त्यांना जागा हिरवीगार हवी होती.

आईने त्यांना सरळ सांगितलं. गवताचं बी टाकायचं ते जून-जुलैत, जमीन ओली आणि हवा उबदार असताना. ती वेळ हुकली तर फेब्रुवारी निम्मा सरल्यावर, मार्चपर्यंत. मधल्या थंडीत गवत झोपतं. तेव्हा त्याला खत द्यायचं नसतं, पाणीही बेताचंच, आणि कापायचं तर मुळीच नसतं. पेरलेलं बी नुसतं पडून राहतं आणि मुंग्या घेऊन जातात. ती बोलत असताना भाऊ मोबाईल बघत होते. तिचं संपल्यावर ते पप्पांकडे वळले.

"फिलिप, तुझी बायको लई हुशार हाय. तुला जमतंय का तेवढं सांग. न्हाई तर राहुरीचा माळी यायला तयार हाय, त्याला खोल्या लागतील."

पप्पांनी मान खाली घातली. माझं दहावीचं वर्ष आहे, परीक्षा मार्चमध्ये. खोल्या गेल्या तर शाळा गेली. ते आईकडे न बघता म्हणाले, "जमंल, भाऊ."

भाऊ गेल्यावर पप्पा हसले. माझ्या बापाची कंबर रानातली हरळी खणताखणता मोडली, आणि मी तीच हरळी पाकिटातून आणून पेरतोय, असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले. आईला हसू आलं नाही.

३

पप्पांची युक्ती मटकीला मोड आणतात तशी होती. आमचे आजोबा थंडीत काकडीचं बी ओल्या फडक्यात बांधून कमरेला लावून फिरायचे, अंगाच्या उबेने ते लवकर फुटायचं. गवताचं बी खसखशीएवढं. पप्पांनी ते भिजवलं, आईच्या जुन्या सुती साडीत त्याची चपटी पोटली केली आणि बनियनच्या आत पोटाशी बांधली. रात्रंदिवस. पाणी सुकलं की वरून शिंपडायचे आणि पुन्हा बांधायचे.

छबूबाई उसापलीकडच्या वस्तीवरून लॉन्सवर भांडी घासायला येतात. स्वेटरखाली फुगलेलं पोट बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"फिलिपभाऊ, कितवा लागला?"

"नववा. पोरगी झाली तर तुमचं नाव ठेवतो."

त्यानंतर चार दिवस रोज हाच विनोद चालला होता. पप्पा तेव्हा असेच होते. त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. भांडण झालं की ते बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे.

पाचव्या दिवशी सकाळी आईने पोटली सोडली. ती सुटेना. पांढरे, दोऱ्यासारखे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर येऊन पोटाला चिकटले होते. जखमेवरची पट्टी ओढावी तशी ती हळूहळू ओढावी लागली. पप्पांनी ओठ चावला. कातडीवर बारीक लाल रेघांची जाळी उठली होती, कुठे कुठे रक्ताचे ठिपके.

मटकीही फडक्याला चिकटतेच, असं आईने स्वतःला सांगितलं. तिने खोबरेल तेल लावलं. तेल लावताना मात्र तिचा हात थांबला. पोटली हातात गरम लागत होती, भाकरी बांधून आणावी तशी. आणि जिथून ती काढली ते पप्पांचं पोट पाटाच्या पाण्यासारखं गार होतं.

४

बी वाळूत कालवून पप्पांनी ते दोन्ही दिशांनी पेरलं, वर चाळलेल्या मातीचा हात फिरवला, रूळ ओढला आणि गोणपाटं अंथरली. त्या आठवड्यात थंडी अशी होती की शेजारच्या रानात कांद्याची रोपं पिवळी पडली.

तिसऱ्या दिवशी गोणपाटं वर उचलली गेलेली दिसली. खाली सगळीकडे गवत होतं. कोंब नव्हेत, गवत. एकही जागा मोकळी नव्हती, एकही पातं मागे पुढे नव्हतं.

पप्पा गुडघ्यांवर बसले आणि त्यांना रडू आलं. आईलाही बरं वाटलं. खोल्या राहिल्या. मग तिने चपला काढून पाऊल टाकलं, आणि लगेच मागे घेतलं. आजूबाजूच्या उसावर, कमानीवर, नळीवर दव होतं. गवतावर एक थेंब नव्हता. पायाला ते कोमट लागलं.

तिने विचार केला आणि तिला कारण सापडलं. नांगरणीनंतर भाऊंनी साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, खत म्हणून दोन ट्रॉल्या पसरलं होतं. ते पुरतं कुजलेलं नसलं तर आतून तापतं. त्या उबेने बी आलं. रोपवाटिकेत तिने हे पाहिलं होतं. कारण पटण्यासारखं होतं, आणि तिने ते मलाही समजावून सांगितलं. मी विचारलं, मग गाड्या लावायच्या बाजूला, जिथे पेरलं नाही, तिथेही प्रेसमड टाकलंय, तिथली माती गार का? ती म्हणाली, अभ्यास कर.

५

नव्या गवताची पहिली कापणी ते चार बोटं उंच झाल्यावर करतात. पप्पा हाताची चार बोटं आडवी धरून जमिनीला टेकवायचे आणि वर किती आलं ते बघायचे. या गवताला एरवी महिना लागतो. सातव्या दिवशी ते चार बोटं झालं.

आई म्हणाली, थंडीत कापू नका, झोपू दे त्याला. पप्पा म्हणाले, हे झोपलेलं न्हाई.

मशीन पेट्रोलवर चालतं, पुढे पात्यांचा फिरता रूळ असतो. पप्पांनी पहिली रांग घेतली आणि आई कापलेलं गवत टोपलीत भरायला मागे चालली. कापलेल्या गवताचा वास तिला लहानपणापासून माहीत होता. हा तो नव्हता. ती ओणवी झाली, मूठभर गवत नाकाशी नेलं आणि पुन्हा हुंगलं. तो पप्पांचा वास होता. त्यांच्या उशीचा, गोधडीचा, सकाळी उठल्यावर मानेला येतो तो. सोळा वर्षं ती त्या वासाशेजारी झोपली होती.

मशीन बंद झालं. पप्पांनी ते थांबवलं होतं, पातं फिरायचं थांबलेलं दिसत होतं. तरीही खालून, पायांखालून, एखाद्याने दात आवळून श्वास घ्यावा तसा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. आईने वर पाहिलं. पप्पा पोटावरून हात फिरवत होते.

"कापलं की खाज थांबतीया," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत पुन्हा बरोबर चार बोटं होतं.

६

मग रोज कापायचं. आधी सकाळी, नंतर सकाळ-संध्याकाळ. पोटावरच्या लाल रेघा छातीवर चढल्या, पाठीकडे गेल्या. गवत वाढलं की त्या फुगायच्या आणि पप्पा भिंतीला अंग घासायचे. कापलं की शांत व्हायचे. आईने त्यांना कोपरगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि थर्मामीटर दोनदा झटकून लावला. पारा चढत नव्हता. थर्मामीटर बिघडलेला असेल, असं ते म्हणाले.

पप्पा थंडीत नुसत्या बनियनवर फिरू लागले. त्यांच्या अंगावर काटा येत नसे. त्यांचं हसणं गेलं, छबूबाईंचे विनोद तसेच पडून राहू लागले. मला ते नावाने हाक मारीनात. समोर आले की चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघायचे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी छबूबाईंची कोंबडी गवतावर आली. पप्पा कडा कापत होते. मोठी कात्री हातात होती. ते उठले, तिला आपल्या दोन्ही पायांत धरून गवतावर उभं केलं, तिच्या शेजारी चार बोटं आडवी टेकवली आणि बोटांच्या वर जेवढी कोंबडी उरत होती तेवढी कापली. एका फटक्यात जमलं नाही. तीन लागले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. पेन्सिलीला टोक काढताना माणसाचं तोंड असतं तसं होतं. मग त्यांनी पिसं वेचली, टोपलीत टाकली आणि पुढची कड धरली.

मी खिडकीत होते. आई माझ्या मागे होती. तिने माझे डोळे झाकले, पण उशिरा. छबूबाईंना तिने सांगितलं की उसातून बिबट्या आला असावा. आमच्याकडे ते कुणालाही खरं वाटतं.

चार दिवसांनी स्टेजजवळच्या साठ खुर्च्या सापडल्या. लाकडी, गादीच्या, राजनंदिनीच्या लग्नासाठी आणलेल्या. सगळ्यांचे पाय करवतीने कापलेले. रांगेत मांडलेल्या, बैठका गवताला जवळजवळ टेकलेल्या. आईने वाकून एकीच्या उरलेल्या पायाशी बोटं धरली. एक, दोन, तीन, चार.

तिने तेव्हाही कारण शोधलं. माणूस दमला आहे, झोप नाही, नोकरीची भीती आहे, डोक्यावर परिणाम झाला असेल. नगरला चांगले डॉक्टर आहेत. लग्न होऊ दे, मग नेऊ. असं ती रोज ठरवायची, आणि रोज संध्याकाळी मला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावायची. का ते सांगायची नाही. दाराच्या फटीतून मला मशीनचा आवाज यायचा, आणि मशीन बंद झाल्यावर दुसरा आवाज.

७

खुर्च्या बघून भाऊ दात-ओठ खातच आले. बूट घालून सरळ गवतावर चालत गेले आणि पप्पांच्या कानाखाली वाजवली. पप्पा पडले नाहीत. ते खाली बसले, जसं काही सांडलेलं वेचायला बसावं. त्यांची चार बोटं भाऊंच्या बुटाशेजारी टेकलेली आईने पाहिली आणि ती धावली. तोवर दुसऱ्या हातातला विळा ओढला गेला होता.

विळा बुटाच्या वरच्या कडेवर बसला. चामडं फाटलं, मोजा फाटला आणि घोट्यावर एक तोंड उघडलं. भाऊ ओरडले. मग त्यांनी पाण्याची जाड नळी उचलली आणि पप्पांना मारलं. पाठीवर, मानेवर, तोंडावर. नळीच्या टोकाला पितळी जोड होता. आई मध्ये पडली तर एक फटका तिच्या खांद्यावर बसला, तिथे अजून काळं आहे. पप्पांनी हात वर केला नाही. त्यांची भुवई फुटली होती, पण रक्त आलं नाही. पांढरी चीर पडली आणि तशीच राहिली.

रक्त आईला दुसरीकडे दिसलं. जिथे पप्पा उभे होते तिथून आठ-दहा पावलांवर, गवतात, एकाएकी ओलं लाल झालं आणि मुरलं. तिने डोळे मिटून उघडले. ते भाऊंच्या घोट्याचं उडालेलं असेल, असं तिला वाटलं. एवढ्या लांब कसं उडेल, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

भाऊ धापा टाकत थांबले. पोलिसांत देतो म्हणाले, खोल्या खाली करा म्हणाले. मग त्यांची नजर गवतावर फिरली. तालुक्यात त्या महिन्यात असं हिरवं कुठेच नव्हतं. महिन्यावर लग्न होतं.

"लग्न हुईपर्यंत ऱ्हावा," ते म्हणाले. "ह्याला बांधून ठेव पाहिजे तर. पण गवत त्यालाच कापू दे. दुसऱ्याच्या हाताला ते लागायचं न्हाई."

हे त्यांना कसं माहीत, असं आईने विचारलं. भाऊ लंगडत गाडीकडे गेले. नंतर छबूबाईंकडून कळलं की आदल्या आठवड्यात भाऊंनी पप्पांच्या नकळत दुसरा माळी आणून बघितला होता. त्याने एक रांग कापली, मशीन तिथेच टाकलं आणि पायी फाट्यापर्यंत पळत गेला.

८

आईचा पाय गेला तो पुढच्या आठवड्यातला शुक्रवार होता. मी शाळेत. आईने ठरवलं होतं की गवत उलथून टाकायचं. लग्न गेलं खड्ड्यात, खोल्याही गेल्या तरी चालतील, नवरा तर हाती लागेल. तिच्या डोक्यात अजूनही प्रेसमडच होतं. खालचा थर उघडा करायचा, वारा लागू द्यायचा, ऊब गेली की गवत थंडीने मरेल आणि हे सगळं थांबेल. भर दुपार होती. पप्पांना कॅन घेऊन पेट्रोल आणायला फाट्याकडे जाताना तिने पाहिलं होतं.

लाल झालेली ती जागा तिने निवडली. का ते तिला सांगता आलं नाही. फावडं उचलून तिने पहिला घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला फावडं मातीत गेलं नाही. मळलेल्या कणकेत सुरी जावी तसं ते मऊ काहीतरी कापत गेलं. आणि पायांखाली सबंध लॉन एकदा आखडलं.

ती वाकली. कापलेल्या कडेखाली बोटं घालून तिने गवत उचललं. ते गोधडीचा कोपरा उचलावा तसं अलगद वर आलं. मुळं पांढरी, दोऱ्यासारखी, आणि ती मातीत गेली नव्हती.

आई इथपर्यंत नीट सांगायची. पुढे तिचे शब्द सुटे सुटे यायचे. कातडी होती. पोट होतं. वर खाली होत होतं. बेंबीच्या डाव्या बाजूला तीळ होता, जो आईशिवाय कुणी पाहिलेला नाही. फावड्याने केलेली चीर वीतभर लांब होती आणि तिच्यातून रक्त येत होतं, खरं, गरम, भरपूर.

तिने तळहात त्यावर दाबून धरला. डिसेंबरच्या आधी पप्पांचं अंग जसं उबदार असायचं तसं ते होतं.

मागे मशीन सुरू झालं.

पप्पा आले होते. कॅन त्यांनी बाजूला नीट ठेवला होता. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, उघड्या चिरेकडेही नाही. ते वाकले आणि तिच्या डाव्या पावलाशेजारी चार बोटं आडवी टेकवली. बोटं बर्फासारखी होती.

"वाढलंया," ते म्हणाले.

मी तिला विचारलं, तू पळाली का नाहीस. तिने पट्टी बांधलेल्या पायावर चादर ओढली. मग म्हणाली की तिचा हात अजून गवताखाली होता, आणि तो कुणीतरी धरला होता. घट्ट नाही. झोपेत शेजारच्याचा हात धरतात तसा. तो तिला सोडवता आला असता. तिने सोडवला नाही.

छबूबाई स्टेजमागे भांडी घासत होत्या. ओरडणं ऐकून त्या आल्या त्या लोखंडी झारा घेऊनच, आणि त्यांनी तो पप्पांच्या पाठीत, डोक्यात, हातावर घातला. सात-आठ वेळा. तेव्हा कुठे मशीनची मूठ सुटली. तीन बोटं आणि पावलाचा अर्धा भाग गेला होता. आईला उचलून टेम्पोत घालेपर्यंत पप्पांनी झाडू आणला होता. ते कापलेलं सगळं टोपलीत भरत होते.

मी सायकलवरून कमानीत शिरले तेव्हा हे बघितलं. मी त्यांना "पप्पा" अशी हाक मारली. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

९

लग्न झालं. पंधराशे माणूस आलं. लोकांनी मुद्दाम चपला काढल्या, म्हाताऱ्या बायका गवतावर आडव्या झाल्या. एवढ्या थंडीत किती उबदार आहे, म्हणाल्या. आईने पाडलेल्या चिरेवर पप्पांनी गवताचा तो कोपरा पुन्हा पसरून रूळ फिरवला होता. तिथे आता काही दिसत नाही.

छबूबाई काम सोडून गेल्या. त्यांनी तोंड उघडलेलं नाही. भाऊंनी दवाखान्यात अपघात असं लिहवून घेतलं. आईनेही तेच सांगितलं. पप्पांना तुरुंगात टाकतील म्हणून ती गप्प आहे, असं मला वाटत होतं. गेल्या रविवारी दवाखान्यात तिने मला जवळ ओढलं.

"मला त्याने कापलं त्याचं काही नाही, कृपा," ती म्हणाली. "घरात हिंडतोय तो कोण ते मला माहीत नाही. पण मी ज्याला फावडं मारलं, तो..."

तिने भिंतीकडे तोंड केलं. मग मला सांगितलं की शनिवारी मावशी न्यायला येईल, तिच्याकडे सावेडीत राहून अभ्यास कर, परीक्षेपुरती इकडे ये. तोवर शाळेतून आलं की आत बसायचं. गवतावर पाय ठेवायचा नाही. तिकडून कुणी काही म्हणालं तरी ओ द्यायची नाही. तिकडून म्हणजे कुठून, ते मी विचारलं नाही.

आज शनिवार. फेब्रुवारी लागला आहे, हवा बदलली आहे. दोन आठवड्यांत सगळीकडे बी टाकायला सुरुवात होईल. भाऊंना गाड्या लावायच्या जागेतही गवत हवं आहे. पप्पांनी सांगितलं, पेरायला लागायचं नाही, ते आपलं आपण येईल. ते येतंच आहे. नाताळात लॉनची कड नळापाशी होती, आता आमच्या उंबऱ्यापासून दीड हातावर आहे. मधला सिमेंटचा ओटा त्याने कसा ओलांडला ते मला दिसलं नाही. मी रोज बघते तेव्हा ते हलत नसतं.

माझी बॅग दाराशी आहे. पावणेचार वाजलेत. मावशी चारला येते म्हणाली. सकाळचं गवत कापून पप्पा जेवले नाहीत, आतल्या खोलीत जाऊन झोपले. अर्ध्या दारातून मला त्यांचे पाय दिसतात. पांघरूण घेतलेलं नाही. त्यांचा श्वास ऐकू येत नाही, पण तो बरेच दिवस ऐकू येत नाही.

आत्ता लॉनवरून हाक आली. "कृपे."

मी आधी पाय पाहिले. ते तिथेच आहेत.

पुन्हा आली. आवाज दमलेला आहे, दुखत असताना माणूस बोलतो तसा, मध्ये मध्ये श्वास घेत. "कृपे, जेवली का गं?"

दोन महिन्यांत मला हे कुणी विचारलं नाही. हा आवाज मी ओळखते. आईचं सगळं मला आठवतंय, ओ द्यायची नाही हेही. पण ते तिकडे एकटे आहेत, त्यांना लागलंय, आणि कुणी गेलंच नाही अजून बघायला. मी उंबऱ्याच्या आतूनच, नुसती एकदा ओ देऊन बघते.